ऑइलमध्ये पाणी कुठून येतं?

सप्टेंबर २०२२च्या पावसात बंगळुरूच्या महादेवपुरा भागातल्या कित्येक गाड्या तळघरातल्या पार्किंगमध्येच बुडाल्या. पण इंजिन ऑइलमध्ये पाणी शिरायला पूरच लागतो असं नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. त्यातला थोडा अंश पिस्टन रिंगांमधून ऑइल चेंबरमध्ये उतरतो. रोज घर ते मेट्रो एवढीच गाडी चालवली, तर ऑइल पुरतं तापत नाही आणि ही ओल आतच राहते. तीत काजळी नि पेट्रोल मिसळून चिकट गाळ होतो, ऑइल पंपाची जाळी तुंबते. ऑइलच्या झाकणाखाली नुसती पिवळसर साय असेल तर एक लांबची चक्कर मारा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर मात्र सेल मारूच नका. गाडी टो करून गॅरेजला न्या.