गुड्यावरची नर्सबाई कुठून येणार?

मैदानी भागात पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. हे उपकेंद्र प्रामुख्याने एएनएम, म्हणजे गावची नर्सबाई, चालवते. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातल्या, सिमेंट कारखान्यांच्या गडचांदुरात शिकलेल्या पोरांची नजर साहजिकच कारखान्याच्या फाटकाकडे असते. शेजारच्या जिवती तालुक्यातल्या माणिकगड डोंगरावरच्या कोलाम-गोंड गुड्यांना, म्हणजे छोट्या वस्त्यांना, मात्र आजारी माणसाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी माणसे हवी आहेत.

अशी माणसे गावातच घडवता येतात, हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. 1995 पासून संस्थेने 39 गावांत थोड्या शिकलेल्या गावकरी स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे, बाळाला ऊब देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे, एवढे सारे त्या शिकल्या. इंजेक्शनची सुई अशा हातांत द्यावी का, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते. वर्गातल्या व्याख्यानापेक्षा घरोघरच्या सरावावर आणि नियमित देखरेखीवर भर होता, हेच त्या शिक्षणाचे मर्म. पुढे 2011 मध्ये देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे नवजात बाळाच्या गृहभेटींचे काम सोपवण्यात आले. बाळंतपण दवाखान्यात झाले तर 42 दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात.

आशाचे काम मोबदल्यावरचे. पगारी नोकरीसाठी अभ्यासक्रम लागतो. इथे एक गैरसमज बऱ्याच मुलींची वाट अडवतो. बारावीला विज्ञान नसले की नर्सिंग संपले, असे घरोघर धरून चालतात. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या एएनएमला आणि तीन वर्षांच्या जीएनएमला कला शाखेतूनही जाता येते. जीवशास्त्रासह विज्ञान लागते ते चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला. एएनएम फक्त मुलींसाठी आहे, जीएनएम मुलग्यांनाही खुला आहे.

समाजकार्याची वाट आणखी मोकळी. बीएसडब्ल्यूला बारावीची कोणतीही शाखा चालते, एमएसडब्ल्यूला कोणतीही पदवी. या भागात त्या शिक्षणाला काम भरपूर आहे. सिकलसेल असलेल्या कुटुंबाला लग्नाआधीच्या तपासणीचे महत्त्व पटवणे, दारूच्या आहारी गेलेल्याला उपचारापर्यंत आणणे, ही कामे गोळ्यांनी होत नाहीत. शिकलेल्या तरुणांना अशा प्रश्नांकडे वळवण्यासाठी ‘सर्च’चा ‘निर्माण’ हा उपक्रम 2006 पासून चालू आहे.

संस्थाही आता जवळ आल्या आहेत. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये गडचिरोलीत स्थापन झाले, तर चंद्रपुरात 2015 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मात्र शिकवण्याची भाषा अजून इंग्रजी-मराठीच आहे. गोंडी किंवा कोलामी येणे ही प्रवेशाच्या वेळी पात्रता धरली जात नाही. खरे तर गुड्यावर पहिल्या दिवसापासून कामी येते ती हीच. कोरपना-जिवतीच्या शाळांनी दहावीच्या वर्गातच ही सगळी माहिती द्यावी, आणि नर्सिंगला जायचे ठरवणाऱ्या मुलांनी प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, ते जरूर तपासावे. जीएनएम मुलग्यांनाही खुला आहे.