एम्मा गोल्डमन: न लिहिलेल्या वाक्याचा वारसा

ज्या क्रांतीत नाचण्यास मुभा नाही ती आपली क्रांती नव्हे, अशा आशयाचे एक वाक्य अराज्यवादी एम्मा गोल्डमन (1869–1940) यांच्या नावाने मोर्चांतील फलकांवर आढळते. त्या शब्दांत ते त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. ‘लिव्हिंग माय लाइफ’ (1931) या आत्मचरित्रात मूळ प्रसंग आहे. चळवळीतील स्त्रीला असे नाचणे शोभत नाही, असे एका तरुणाने बजावताच बाई संतापल्या व सुंदर वस्तूंवरील प्रत्येकाच्या हक्काची बाजू त्यांनी मांडली. 1973 साली न्यूयॉर्कमधील एका मुद्रकाला टी-शर्टावर छापण्यासाठी त्यांचे वचन हवे होते. लेखिका अ‍ॅलिक्स केट्स शुल्मन यांनी हा उतारा दिला; छापताना त्याचे घोषवाक्य झाले.

येथील भाषिक स्थित्यंतर उद्बोधक आहे. कथनातील ‘मी’ एका विशिष्ट स्त्रीचा होता. घोषवाक्यातील ‘मी’ ते अंगावर घालणाऱ्या कोणाचाही होतो. स्त्रीवादी चळवळीत ते रुजले ते बहुधा यामुळेच. मात्र ‘प्रत्येकाचा’ हा शब्द त्यातून गळाला, आणि हे नुकसान लहान नव्हे. संततिनियमनाच्या प्रचाराबद्दल 1916 साली भोगलेला कारावास, सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केल्याबद्दल 1917 साली झालेली दोन वर्षांची शिक्षा, 1919 ची हद्दपारी, यांचा मागमूसही तेथे उरत नाही. बाईंनी ज्या क्रांतीशी प्रत्यक्षात फारकत घेतली ती रशियाची. तिचे निर्णायक कारण होते 1921 साली क्रॉन्स्टाटच्या खलाशांवर चाललेल्या तोफा.