फसफसणारा सूर: जुने क्लॅरिनेट घेण्यापूर्वी

क्लॅरिनेटचे सगळे सूर एका पोताचे नसतात. त्याची नळी सरळ आणि रीडच्या टोकाला बंद असल्याने रजिस्टर की दाबल्यावर सूर सप्तकभर नव्हे, सप्तक आणि वर पंचम एवढा चढतो. या कीच्या बारीक छिद्रावर मधल्या बी फ्लॅटचाही भार टाकलेला असतो. त्यामुळे तो सूर महागड्या वाद्यावरही थोडा धुरकट लागतो. तेवढ्यासाठी वाद्य नाकारू नये.

सगळ्याच सुरांत फसफस असेल, तर आधी रीड आणि माउथपीस पाहावे. टोक फाटलेले रीड, सैल लिगेचर किंवा माउथपीसच्या कडेवरची खोच एवढे कारण पुरते. म्हणून तपासणीला ओळखीचे माउथपीस आणि चांगले रीड सोबत न्यावे.

काहीच सूर बिघडलेले असतील, तर ते कोणते यावरून दोष सापडतो. सगळी बोटे उचललेल्या जीपासून हळूहळू खाली उतरावे. फुंक हलकी, बोटेही हलकी. सराईत वादक जोराच्या फुंकीने गळती झाकतो, म्हणून विक्रेत्याने वाजवून दाखवले यावर विसंबू नये. ज्या सुरापासून आवाज अडखळतो आणि पुढचे सगळे सूर अशक्त होतात, तिथे नुकतेच मिटलेले पॅड गळते. सुरुवातीपासूनच सगळे कमकुवत असेल, तर स्प्रिंगने एरवी बंद राहणाऱ्या चाव्या, म्हणजे बाजूच्या ट्रिल की आणि वरच्या ए व जी शार्पच्या की, संशयित ठरतात. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली घालून ओढली, की ती कुठे सैल सुटते ते कळते. वरच्या तुकड्याची छिद्रे बोटांनी आणि खालचे तोंड तळव्याने बंद करून हवा शोषली, तर पोकळी काही सेकंद टिकायला हवी.

एकच सूर गुदमरलेला आणि त्याखालचे सगळे स्वच्छ असतील, तर ती गळती नव्हे. त्या सुराला हवा सोडणारे छिद्र घाणीने अर्धे बुजलेले असते, किंवा त्यावरचे पॅड फार खाली लोंबते आणि हवा त्याला घासून जाते. कॉर्कचा पातळ थर बदलला की हे लोंबणे सुधारते. फेल्टवरचा पातळ पडदा फाटला तर मात्र फरफर ऐकू येते आणि पॅड बदलावे लागते.

दोन तुकडे जोडणारी ब्रिज की थोडी वाकली, तरी दोन्ही हातांचे पहिले बोट ठेवून निघणारा सूर फसतो. तळाचे दोन मोठे पॅड एकाच क्षणी मिटत नसतील, तर सर्वांत खालचा ई आणि रजिस्टर कीने त्याच्यावर निघणारा बी, दोन्ही डळमळतात. या साऱ्या किरकोळ दुरुस्त्या आहेत. त्यांचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

आफ्रिकन ब्लॅकवुडच्या वाद्यात वरच्या तुकड्यावर, ट्रिल कींच्या छिद्रांजवळ, तडे शोधावे. छिद्राची कड तुटलेली असेल, तर नवे पॅडही नीट बसत नाही. शेवटी ट्यूनर लावून खालचा सूर आणि त्याचा वरचा जोडीदार तपासावा. त्यांतले अंतर बरेच चुकत असेल, तर दोष बहुधा नळीच्या घडणीतच असतो आणि तो दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तात निघत नाही.