"जरा जैन करून द्या ना!" : ग्राहकाला 'हो' कधी म्हणायचं आणि 'नाही' कधी?



हॉटेल सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात मेनूकार्डाबाहेरच्या फर्माईशी सुरू होतात. "तिखट कमी करा." "शेवेऐवजी पनीर टाका." "कांदा-लसूण नको." "उपवास आहे, काय मिळेल?" गिऱ्हाईक तुटेल या भीतीने नवीन मालक सगळ्यांनाच "हो, करून देतो" म्हणतो. फसतो तो इथेच.

आपल्या जालना जिल्ह्यात तर हे रोजचंच आहे. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून लांबलांबचे प्रवासी जालन्याजवळून जातात. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला गर्दी असते, त्यात बरेच जण उपवासाचे. जालना शहरात गुरु गणेश तपोधामला जैन भाविक येतात. प्रत्येकाचं पथ्य वेगळं. म्हणून आलेल्या मागणीचे तीन प्रकार पाडा.

1) चवीचा बदल : फुकट करा

मीठ, तिखट, तेल कमी-जास्त करणं, वरून कोथिंबीर न टाकणं. यात तुमचा खर्च नाही. पण तयार रस्स्यातलं तिखट काढता येत नाही! म्हणून रस्सा मध्यम ठेवा, तर्री आणि ठेचा वेगळा ठेवा. ज्याला झणझणीत हवं, त्याला वरून द्या.

2) साहित्याचा बदल : पैसे लावा, पण आधी सांगा

समजा, शेवभाजीत शेवेऐवजी 80 ग्रॅम पनीर टाकलं. पनीर 400 रुपये किलो धरलं तर 32 रुपयांचा माल गेला. वाचलेल्या शेवेचे पैसे वजा करा, उरलेला फरक हा तुमचा जादा खर्च. रोज अशा दहा प्लेटा फुकट दिल्या तर महिनाअखेर नफा कुठे गेला ते कळणार नाही. ऑर्डर घेतानाच सांगा, "दादा, पनीरचे एवढे जास्त होतील, चालेल ना?" बिल आल्यावर सांगितलं की भांडण ठरलेलं.

3) श्रद्धेचा आणि आरोग्याचा बदल : पूर्ण करा, नाहीतर स्पष्ट 'नाही' म्हणा

खरी परीक्षा इथे आहे. बहुतेक हॉटेलांत सकाळीच ग्रेव्ही तयार होते आणि त्यात कांदा-लसूण वाटलेलाच असतो. वरचा कांदा काढला म्हणून भाजी जैन होत नाही. शिवाय बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळंही चालत नाहीत. मिरची भजी तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळला तर तो उपवासाचा राहत नाही. आणि दाण्याचा कूट तर आपल्या स्वयंपाकघरात सगळीकडे असतो. एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तोच चमचा दुसऱ्या भाजीत गेला तरी जिवावर बेतू शकतं.

वेगळी कढई, वेगळा चमचा, ताजं तेल जमत असेल तरच 'हो' म्हणा. नसेल तर हात जोडून सांगा, "ताई, आमची ग्रेव्ही कांद्याचीच आहे. जिऱ्याची फोडणी देऊन साधं वरण ताजं करून देतो, चालेल का?" उपवासवाल्यांसाठी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवले तरी काम भागतं.

'नाही' म्हटल्याने फार तर एक बिल जाईल. खोट्या 'हो'ने विश्वास जातो. आणि पंधरा जणांच्या गाडीत पथ्य पाळणारा एकच असला, तरी गाडी कुठे थांबवायची हे बऱ्याचदा त्याच्याच सोयीने ठरतं!

वारंवार आलेली मागणी हा धंद्याचा इशारा आहे

मुंबईत बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून जैन पावभाजी करतात. ती आज कितीतरी मेनूकार्डांवर स्वतंत्र नावाने छापलेली असते. मॅकडोनाल्ड्सने 1996 मध्ये भारतात पहिलं दुकान उघडलं तेच गोमांस न ठेवता. म्हणजे ग्राहकाला काय चालत नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं. आपणही तेच करायचं, आपल्या बजेटमध्ये.

आजचं काम

- काउंटरवर एक वही ठेवा. महिनाभर आलेली प्रत्येक फर्माईश लिहा.
- जी सर्वात जास्त वेळा आली, ती ठरलेल्या दराने मेनूत घ्या.
- ऑर्डरच्या चिठ्ठीवर बदल लाल पेनाने लिहा. वेटरच्या तोंडी निरोपावर राहू नका.
- वेटर आणि आचारी दोघांनाही सांगा : खात्री नसेल तर 'हो' म्हणायचं नाही, आधी विचारायचं.

तुमच्याकडे सर्वात जास्त कोणती फर्माईश येते? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!