मातीची शाळा बांधणारा फ्रान्सिस केरे

पत्र्याच्या खोलीत ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना पत्रा तापतो म्हणजे काय होते ते सांगायला नको. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या गरीब देशातही शाळांवर पत्रेच असतात. तो पत्रा तापूनही वर्ग गार राहील अशी शाळा बांधणाऱ्या वास्तुशिल्पी फ्रान्सिस केरे यांची ही हकिकत.

१९६५ साली गांदो गावी जन्म. वडील गावचे प्रमुख. पण गावात शाळाच नाही! सातव्या वर्षी मुलाला टेंकोदोगो शहरी धाडले. तिथे कोंदट वर्गात शंभरावर मुले. सुट्टी संपवून तो निघाला की गावच्या बाया कपड्यात जपलेले शेवटचे नाणे काढून त्याच्या हातावर ठेवीत. शिकून परत येईल, गावाचे भले करील, ही आशा.

१९८५ मध्ये सुतारकामाची शिष्यवृत्ती घेऊन केरे जर्मनीला गेले. दिवसा सुतारकाम, रात्री शाळा. पुढे बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात वास्तुकलेला प्रवेश मिळाला. शिकत असतानाच १९९८ मध्ये मित्रांसह संस्था काढून त्यांनी गांदोच्या शाळेसाठी निधी जमविला.

मातीच्या भिंती म्हणताच गावकरी नाराज झाले. माती एका पावसाळ्यात वाहून जाते, एवढे शिकून हेच का? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. केरेंनी मातीत थोडे सिमेंट घालून दाबाच्या विटा पाडल्या. विटांच्या छतात भोके ठेवली आणि पत्रा त्या छतापासून चांगला उंच उचलला. वर्गातली गरम हवा भोकांतून वर निघून जाते, खिडक्यांतून गार हवा आत येते. पंखा नको, वीज नको. पत्रा लांबवर पुढे काढल्याने भिंतींवर पाऊसही येत नाही. क्रेन तिथे कुठली? साध्या सळया हातकरवतीने कापून, वेल्डिंग करून छताचा सांगाडा केला. मुलांनी दगड वाहिले, बायांनी जमीन चोपली.

२००१ मध्ये तीन वर्ग उभे राहिले. केरेंची पदवी मात्र २००४ ची! त्याच वर्षी या शाळेला आगाखान पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये वास्तुकलेतला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळविणारे ते पहिले आफ्रिकन ठरले. पुरस्कारांचे कौतुक आहेच, पण या लेखकाला हिशेब वेगळा वाटतो. गांदोत वर्ग वाढवावे लागले, शिक्षकांना घरे झाली, आणि तिथे विटा पाडायला शिकलेली माणसे दुसऱ्या गावांच्या बांधकामावर कारागीर म्हणून जाऊ लागली.