राळ्याच्या नांवाचा फोन

यवतमाळसारख्या शहरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या बहुतेक घरांत एक प्रश्न वरचेवर येतो. गांवाकडचे काका किंवा चुलतभाऊ विचारतात, "दहाबारा हजारांत फोन कोणता घ्यावा?" आपण शिकलेले, म्हणून आपला सल्ला प्रमाण. आपण एखादें नांव सांगून मोकळे होतों, आणि तें बहुधा चिनी कंपनीचें असतें. पण तो फोन इतका स्वस्त कसा, हें आपणांस कोणी विचारलें तर उत्तर सुचत नाहीं. तें उत्तर शोधण्यासाठीं शाओमी या एका कंपनीची हकीकत आज पाहूं.

'शाओमी' या चिनी शब्दाचा अर्थ राळे. ज्या बारीक धान्याचा भात आपल्या पूर्वजांच्या पानांत असे, तेंच हें धान्य. लेई जुन या गृहस्थांनीं कांहीं सहकाऱ्यांसह एप्रिल २०१० मध्यें बीजिंग येथें ही कंपनी काढली. राळ्याची पेज पिऊन आम्हीं कामास आरंभ केला, असें ते सांगत आले आहेत. त्यांनीं प्रथम फोन केलाच नाहीं. गूगलच्या अँड्रॉइडवर बेतलेली 'एमआययूआय' नांवाची आज्ञावली त्यांनीं ऑगस्ट २०१० मध्यें लोकांपुढें ठेवली. वापरणारांच्या सूचना घेऊन ते ती दर आठवड्यास सुधारीत. अशा रीतीनें गिऱ्हाईक आधीं जमलें, आणि फोन त्यानंतर वर्षानें, ऑगस्ट २०११ मध्यें, १,९९९ युआन किंमतीस आला.

हिंदुस्थानांत कंपनी आली जुलै २०१४ मध्यें. 'मी ३' हा तिचा फोन १३,९९९ रुपयांस फक्त फ्लिपकार्टवर मिळे. त्याच वर्षीं ५,९९९ रुपयांचा 'रेडमी १ एस' आला. ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या वेळीं विक्री उघडावयाची आणि पाहतां पाहतां माल संपावयाचा, असा तो प्रकार होता. सन २०१७ च्या अखेरच्या तिमाहींत फोनांच्या विक्रींत या कंपनीनें सॅमसंगला मागें टाकलें. हें पहिलें स्थान तिनें सुमारें पांच वर्षें राखलें, आणि सन २०२२ च्या अखेरीस तें गमावलें.

आतां स्वस्ताईचीं कारणें पाहूं. पहिलें, आरंभीं दुकान नव्हतें, अडत्या नव्हता, वृत्तपत्रांतील मोठ्या जाहिराती नव्हत्या; तो सारा खर्च वांचला. दुसरें, माल थोडाथोडा करून विकल्यामुळें गोदामांत भांडवल अडकून पडत नसे. तिसरें कारण अधिक मार्मिक आहे. फोनाच्या सुट्या भागांच्या किंमती महिन्यागणिक उतरत जातात. कंपनी थोडींच मॉडेलें काढून तीं दीर्घकाळ विकीत असे. त्यामुळें पहिल्या दिवशीं न मिळालेला नफा पुढें मिळे.

चौथें कारण मात्र आपणांशीं थेट संबंध असलेलें आहे. यंत्रांवरील निव्वळ नफा शेंकडा ५ हून अधिक घेणार नाहीं, असें लेई जुन यांनीं एप्रिल २०१८ मध्यें जाहीर केलें. मग कंपनी जगते कशावर? हाँगकाँगच्या शेअरबाजारांत जातांना तिनें जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांत याचें उत्तर आहे. सन २०१७ मध्यें तिच्या उत्पन्नापैकीं सुमारें ७० टक्के फोनांचें होतें; पण फोनांवर ढोबळ नफा शेंकडा ९ च्या आंतच. उलट जाहिराती, खेळ इत्यादि इंटरनेटसेवांचें उत्पन्न ९ टक्क्यांच्याहि आंत असून त्यावरील ढोबळ नफा सुमारें ६० टक्के होता. म्हणजे फोन विकला कीं सौदा संपत नाहीं. खऱ्या अर्थानें तो तेथून सुरू होतो. पडद्यावर उमटणाऱ्या जाहिरातींकडे आपण जें लक्ष देतों, तेंच किंमतीचा उरलेला हप्ता.

स्वस्ताईला कायद्याचीहि बाजू असते. दळणवळणाच्या तंत्रावरील आपल्या पेटंटांसाठीं एरिक्सन कंपनीनें दावा लावला, आणि डिसेंबर २०१४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें शाओमीची विक्री थांबविली. थोड्याच दिवसांत क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांपुरती परवानगी मिळाली, पण प्रत्येक फोनामागें १०० रुपये अनामत ठेवण्याच्या अटीवर. पुढें ऑगस्ट २०१५ मध्यें फॉक्सकॉनच्या आंध्रांतील श्रीसिटी येथील कारखान्यांत कंपनीचा पहिला भारतीय बनावटीचा फोन तयार झाला. त्याच महिन्यांत फॉक्सकॉननें महाराष्ट्र सरकारशींहि ५ अब्ज डॉलरांचा करार केला होता. तो मात्र कागदावरच राहिला.

हें सारें आपल्या जिल्ह्यास कां सांगावें? कारण फोन आतां शेतीचें अवजार झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कापूस, सोयाबीन, तूर जें उभें असेल, त्याचें छायाचित्र शेतांत उभें राहून मोबाइलवर काढावयाचें आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करावयाची, अशी ही योजना. नोंदीस मुदत असते, आणि नुकसानभरपाईच्या वेळीं हीच नोंद पाहिली जाते. ऐन मुदतींत काकांचा फोन बंद पडला, किंवा आज्ञावली जुनी म्हणून ॲप चालेना, तर वांचलेले दोन हजार रुपये काय कामाचे? आणि शहरांत नकोसा झालेला जुना फोन गांवीं पाठविण्याची आपली जी रीत आहे, तिचाहि या दृष्टीनें विचार व्हावा.

म्हणून सल्ला देतांना किंमतीबरोबर चार गोष्टी पाहाव्या. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षें मिळणार, हें मॉडेलागणिक निराळें असतें. तें आधीं विचारावें. दुरुस्तीचें केंद्र यवतमाळ, वणी, पुसद यांपैकीं जवळच्या गांवीं आहे कीं नाहीं, तें पाहावें. फोन हातीं देण्यापूर्वीं सेटिंगमध्यें जाऊन जाहिराती बंद कराव्या. बऱ्याचशा बंद होतात. आणि विजेरीसारखें साधें ॲप नांवपत्ते किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागूं लागलें, तर ती देऊं नये.

राळ्याच्या या फोनानें लाखो घरांचें काम सोपें केलें, हें मान्य केलेंच पाहिजे. त्यांत दानधर्म नव्हता, तशी फसवणूकहि नव्हती. तो एक चोख हिशेब होता. कंपनीनें आपली बाजू मांडून ठेवली आहे. पुढच्या खेपेस काकांचा प्रश्न आला, तर नांव सांगण्यापूर्वीं आपणहि आपली बाजू मांडून पाहूं या.