पिक्चर मोबाईलमध्ये घेतला, तर गुन्हा होतो का?

कोल्हापूर : दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घ्यायचं, हे आपल्याकडं नवं नाही. 2016 ला ‘सैराट’ थिएटरात चालू असतानाच त्याची कॉपी फुटली अन् मोबाईलवर फिरली. पिक्चर तरीही तुफान चालला. पण लहान मराठी निर्मात्याला असा फटका झेपत नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 स्वतःच्या खासगी वापरापुरती मर्यादित सूट देतं. विकत आणलेल्या सीडीतली भजनं आपल्याच मोबाईलवर घेतली, तर सहसा अडचण नाही. तीच पैसे घेऊन दुसऱ्याच्या कार्डात भरली की धंदा झाला. कलम 63 प्रमाणं 6 महिने ते 3 वर्षं कैद, शिवाय 50 हजार ते 2 लाख दंड. थिएटरात चोरून शूटिंग केलं, तर 2023 च्या दुरुस्तीनुसार दंडच 3 लाखांपासून सुरू होतो.

“मी कुठं विकतोय?” असं पुष्कळ जण म्हणतात. पण गावच्या ग्रुपवर दोनशे जणांना पिक्चर टाकला, तर तो खासगी वापर कसला?

जुन्या पिक्चरचं मात्र वेगळं आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात काढलेल्या बहुतेक मूकपटांची आज एकही कॉपी उरलेली नाही.